को-ऑप पार्टीची एनईसी काय करते आणि आपला मुद्दा तिथपर्यंत कसा न्यायचा

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्ये एकाने विचारलं, "तू त्या को-ऑप पार्टीत आहेस म्हणे, म्हणजे दूध-ब्रेडच्या दुकानवाल्या को-ऑपची पार्टी का?" खाली लगेच चार हसरे इमोजी. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि वीस मिनिटं झाली तरी संपेना, तेव्हा कळलं हे काही ग्रुपवर मावणारं नाही, म्हणून इथे नीट लिहितोय. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांसाठी लिहितोय मुख्यतः, पण महाराष्ट्रात ज्यांच्या घरात कारखान्याचा शेअर आहे किंवा जे सोसायटीच्या कमिटीवर कधी अडकलेत त्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

तर हो, दुकानवाल्या को-ऑपशी संबंध आहेच, आणि तो काही लाजण्यासारखा नाही. १८४४ च्या डिसेंबरात रॉचडेलला टोड लेनवर २८ जणांनी मिळून दुकान टाकलं, विकायला काय तर लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. त्यातून वाढत वाढत देशभर सहकारी दुकानं झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ही मंडळी म्हणत राहिली की आपण राजकारणात पडायचं नाही, आपलं दुकान बरं नि आपण बरे. मग पहिलं महायुद्ध आलं. मालाचं वाटप ठरवणाऱ्या कमिट्यांवर खाजगी व्यापारी बसलेले, सहकारी दुकानांना माल कमी, वरून युद्धकाळातला जादा नफ्यावरचा कर यांनाही लावला. सहकारवाले सांगतायत की अहो आमचा लाभांश म्हणजे नफा नाही, सभासदाचेच पैसे त्याला परत जातायत, पण ऐकतो कोण, संसदेत आपला माणूसच नाही. १९१७ साली स्वान्सीच्या सहकारी काँग्रेसमध्ये, म्हणजे सहकारवाल्यांच्या वार्षिक अधिवेशनात, ठरलं की आता निवडणुकीत उतरायचं, आणि त्यातूनच ही को-ऑपरेटिव्ह पार्टी झाली. १९१८ ला केटरिंगहून आल्फ्रेड वॉटरसन हा पहिला खासदार झाला, आणि १९२७ मध्ये लेबर पार्टीशी करार झाला की एकमेकांविरुद्ध उभं राहायचं नाही. म्हणून आजही मतपत्रिकेवर 'लेबर अँड को-ऑपरेटिव्ह' असं दिसतं काही नावांपुढे. २०२४ च्या निवडणुकीत असे ४३ खासदार निवडून आले.

एक गंमत सांगतो, एमपीएससीवाल्यांना आवडेल. १९४६ चं त्रिमंत्री शिष्टमंडळ पाठ केलंय ना सगळ्यांनी, पेथिक लॉरेन्स, क्रिप्स आणि अलेक्झांडर? त्यातला तिसरा, ए. व्ही. अलेक्झांडर, ज्याच्याबद्दल आपण नावापलीकडे काहीच पाठ केलेलं नसतं, तो या को-ऑप पार्टीचा, शेफील्डच्या हिल्सबरो मतदारसंघाचा खासदार. म्हणजे आपल्या फाळणीआधीच्या वाटाघाटींत टेबलापलीकडे एक सहकारवाला बसला होता.

असो. मूळ मुद्दा एनईसी.

एनईसी म्हणजे नॅशनल एक्झिक्युटिव्ह कमिटी, पार्टीची राष्ट्रीय कार्यकारिणी. आधी एक घोळ मिटवून घ्या, लेबर पार्टीचीही एनईसी असते आणि पेपरात रोज बातम्या येतात त्या तिच्या. ही वेगळी. मी पहिल्या वर्षी एका ईमेलमध्ये दोन्हींची खिचडी करून पाठवली होती आणि उत्तर अगदी सभ्य भाषेत आलं, पण सभ्य इंग्लिश उत्तर किती टोचतं ते इथे नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

या कमिटीवर कोण असतं? वेगवेगळ्या विभागांतून आणि स्कॉटलंड-वेल्समधून सभासदांनी मत देऊन पाठवलेले लोक, सहकारी सोसायट्यांचे प्रतिनिधी, खासदारांच्या गटातून कोणी, तरुण सभासदांचा कोणी. आपल्याकडच्या कारखान्याच्या संचालक मंडळासारखंच म्हणा ना, गट ठरलेले, प्रत्येक गटातून माणूस. फरक एवढा की इथे चेअरमनच्या गाडीपुढे दुसरी गाडी नसते. बरेचसे एनईसी मेंबर नोकरी करून, पोरांना झोपवून संध्याकाळी कागद वाचणारे असतात, आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ठराव कसा लिहायचा ते सगळं यावरच ठरतं.

काम काय करतात? बजेट मंजूर करायचं. जनरल सेक्रेटरी आणि ऑफिसच्या कामावर नजर ठेवायची. लेबरशी असलेला करार सांभाळायचा, म्हणजे कुठल्या उमेदवाराला आपलं नाव लावायचं, कोणाला नाही. पॉलिसीवर सभासदांची मतं मागवायची, त्यातून पार्टीची भूमिका ठरवायची. कॅम्पेन कुठली चालवायची ते ठरवायचं. नियमावली, तक्रारी, कॉन्फरन्सची तयारी हे असतंच, त्यावर मी काही लिहित नाही, कंटाळवाणं आहे आणि गरजेचं आहे, दोन्ही.

उमेदवारीचं मात्र समजून घ्या कारण यांचा खरा जोर तिथेच आहे. ज्याला 'लेबर अँड को-ऑप' म्हणून उभं राहायचंय तो दोन्ही पार्ट्यांचा मेंबर लागतो. साध्या मेंबरला लेबरमध्ये असायची सक्ती नाही, पण लेबरच्या विरोधात लढणाऱ्या दुसऱ्या पार्टीत असून चालत नाही. आता नगरसेवक व्हायचंय, खासदार व्हायचंय, तर को-ऑपची मुलाखत होते, सहकाराबद्दल काय केलंस विचारतात. निवडून आल्यावर हाच माणूस कौन्सिलमध्ये ठराव मांडतो. सरकारला ही कमिटी हुकूम देऊ शकत नाही, स्वतःच्या बळावर एक कायदाही करू शकत नाही, पण शेकडो नगरसेवकांच्या इनबॉक्समध्ये एकाच आठवड्यात तोच नमुना ठराव टाकू शकते. ही ताकद छोटी वाटते आणि नसते. २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्धची सनद काढली, म्हणजे कौन्सिल ज्यांच्याकडून माल आणि कामं घेते त्यांच्याकडे वेठबिगार तर नाही ना हे तपासायची, ती अशीच एकेका कौन्सिलने मंजूर करत नेली.

आणि पैसा. मेंबरांची वर्गणी असते, आणि सहकारी सोसायट्यांकडून येतो, त्यातला मोठा हिस्सा को-ऑप ग्रुपचा, म्हणजे तेच ते दुकानवाले. त्यांच्या वार्षिक सभेत सभासद मतदान करतात की पार्टीला पैसे द्यायचे की नाही. २०१५ ला तर यावर चांगलीच वादावादी झाली, शेवटी द्यायचे असं ठरलं. तुमच्याकडे को-ऑपचं मेंबरशिप कार्ड असेल ना खिशात, एक पौंड भरून काढलेलं, आणि त्यावर वर्षभरात पुरेशी खरेदी केली असेल, तर तुम्हालाही सभेचं मत येतं, ईमेल येतो, आपण तो डिलीट करतो. पुढच्या वेळी करू नका. सांगलीकडे माझे वडील कारखान्याच्या सभेला दरवर्षी जायचे, आम्ही चिडवायचो की तुम्ही दिवाळीच्या साखरेसाठी जाता, ते म्हणायचे साखर तर कार्डावर मिळतेच, मी बघायला जातो की अहवाल कोण वाचून आलंय.

आता प्राधान्यक्रम, म्हणजे सगळे ज्याला प्रायॉरिटीज म्हणतात ते. वेबसाइटवर गेलात तर वीस कॅम्पेन दिसतील, त्यांनी गोंधळून जाऊ नका. कमिटीसमोर कुठला विषय टिकतो ते ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो: यात मालकी कोणाची हा सवाल आहे का, सहकारी सोसायट्यांना रोज याचा त्रास होतो का, आणि संसदेत किंवा कौन्सिलमध्ये हे पुढे ढकलायला आत्ता दार उघडं आहे का.

दुकानातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांचं बघा. काउंटरवरच्या पोरीला कोणी वाइनच्या बाटलीवरून शिवीगाळ केली, ढकललं, तर सहकारी दुकानांच्या मालकांना म्हणजे सभासदांनाच ते लागतं. पार्टीने धरून ठेवलं. स्कॉटलंडमध्ये डॅनियल जॉन्सन या लेबर-को-ऑपच्या आमदाराने मांडलेल्या विधेयकाचा २०२१ मध्ये कायदा झाला, दुकानातल्या कामगाराला मारहाण-धमकी हा वेगळा गुन्हा. इंग्लंड-वेल्ससाठी २०२५ मध्ये संसदेत आलेल्या क्राइम अँड पोलिसिंग विधेयकात तसंच कलम घातलं गेलं. वर्षानुवर्षं तेच तेच बोलत राहिले तेव्हा.

दुसरं, २०२३ चा कायदा, को-ऑपरेटिव्हज, म्युच्युअल्स अँड फ्रेंडली सोसायटीज (म्युच्युअल म्हणजे सभासदांच्याच मालकीची संस्था). प्रेस्टनचे मार्क हेंड्रिक यांनी खाजगी विधेयक म्हणून आणला. पेपरात दोन ओळी आल्या असतील नसतील. पण विषय काय होता, तर पिढ्यान्पिढ्या जमलेला सोसायटीचा राखीव पैसा आजच्या सभासदांनी वाटून खाऊ नये, सोसायटी विकून मोकळं होऊ नये, यासाठी कुलूप लावायची सोय. महाराष्ट्रात किती कारखाने सहकारी होते आणि किती कवडीमोलाने खाजगी झाले ते तुम्ही जाणता, मी जास्त बोलत नाही.

तिसरं माझं आवडतं, कम्युनिटी राइट टू बाय. यात थोडं थांबतो कारण यातच कळतं की ही मंडळी काय शब्द धरून भांडतात. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने गावाला हक्क दिला तो बोली लावायचा. म्हणजे गावातला पब बंद पडतोय, मालक विकायला निघालाय, तर गावकऱ्यांनी तो आधी यादीवर घालून ठेवला असेल तर त्यांना पैसे जमवायला सहा महिने मिळतात. सहा महिने चहापार्ट्या करून, केक विकून, शेअर काढून पैसे जमवले, आणि मालक म्हणाला मी बिल्डरलाच देणार, तर तो देऊ शकतो. हक्क बोलीचा, खरेदीचा नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यापासून खरेदीचा पहिला हक्क आहे. पार्टी कित्येक वर्षं म्हणत होती की इंग्लंडलाही 'बिड' नको 'बाय' द्या. एका शब्दाचा फरक! २०२५ च्या जुलैमध्ये इंग्लिश डिव्होल्युशन अँड कम्युनिटी एम्पॉवरमेंट विधेयक मांडलं त्यात तो शब्द आला. स्टीव्ह रीडसारखे लेबर-को-ऑपचे लोक मंत्रिमंडळात असण्याचा इथे फायदा होतो, दार आतून उघडतं.

आणि सगळ्यावर छत्री म्हणून, लेबरच्या २०२४ च्या जाहीरनाम्यातलं आश्वासन, सहकार आणि म्युच्युअल क्षेत्र दुप्पट करायचं. आता दुप्पट म्हणजे काय मोजायचं, संख्या की उलाढाल की सभासद, यावर तुम्ही एखाद्या ब्रँच मीटिंगमध्ये प्रश्न विचारून बघा, चहा गार होईपर्यंत चालतं.

बरं, आता करायचं काय.

आधी मतदार यादीत नाव घाला. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहत असाल तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तुम्हाला खासदारकीपासून कौन्सिलपर्यंत सगळीकडे मत आहे, हे इथे दहा-दहा वर्षं राहणाऱ्या लोकांना माहीत नसतं आणि मला दर दिवाळीला कोणालातरी सांगावं लागतं. पार्टीला ५०० पौंडांच्या वर देणगी द्यायची असेल तरी यादीत नाव लागतं, अर्थात तेवढे देणारा मराठी माणूस अजून मला भेटायचाय.

मग मेंबर व्हा आणि आपली ब्रँच शोधा. थेट एनईसीला पत्र लिहायचा मोह होईल, विशेषतः आपल्या लोकांना, कारण आपली सवय अशी की तालुक्याला विचारायचंच नाही, मुंबईत साहेबांकडे ओळख काढायची. इथे साहेबही म्हणतील तुमच्या ब्रँचमार्फत पाठवा. आणि ते टाळाटाळ म्हणून म्हणत नाहीत, खरंच तसंच चालतं, ब्रँचचा ठराव आला की त्याला वजन असतं, एकट्याचं पत्र आलं की धन्यवाद येतो.

पहिल्या दोन मीटिंगांत गप्प बसा. खरंच. बघा कोण काय बोलतं, सेक्रेटरी मिनिट्स कसे घेते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं इथेही तसंच असतं फक्त वाचत नाहीत, सगळ्यांनी ईमेलवर वाचलंय असं धरतात (आणि कोणी वाचलेलं नसतं). शेवटी एनी अदर बिझनेस येतो, म्हणजे आपले 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तिथे आपला मुद्दा कधीच मांडू नका. घड्याळाकडे बघत असतात सगळे, बस चुकत असते कोणाची, सगळे मान हलवतात आणि इतिवृत्तात येतं 'चर्चा झाली'. विषय अजेंड्यावर घ्यायला लावा, सेक्रेटरीला दोन आठवडे आधी लिहून.

आता ठराव, आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो म्हणजे तुमची वाचेल.

माझा फ्लॅट लीझहोल्डचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे फ्लॅट घेतला म्हणजे इमारत तुमची होत नाही, शंभर-सव्वाशे वर्षांच्या भाडेपट्ट्यावर तुम्ही राहता, जमीनमालक वेगळाच कोणी, मॅनेजमेंट कंपनी त्याने नेमलेली, सर्व्हिस चार्जचं बिल येतं ते भरायचं. आमच्या जिन्यातला बल्ब सात महिने गेलेला होता आणि बिलात लाइटिंगचा खर्च मात्र वेळच्या वेळी. मुंबईत आमच्या सोसायटीत पार्किंगवरून रक्तपात व्हायचा बाकी होता, कन्व्हेयन्स रखडलंय तो भाग वेगळा, पण बल्ब गेला तर सेक्रेटरीच्या दारावर जाऊन बेल वाजवता यायची, आणि सेक्रेटरी आपणच निवडलेला. मला वाटलं, ही तर सहकाराची पार्टी, यांना सांगू की राहणाऱ्यांची सोसायटी म्हणजे काय असतं.

बसलो आणि चार पानी ठराव लिहिला. लीझहोल्ड रद्द करा, ग्राउंड रेंट रद्द करा, मॅनेजमेंट कंपन्यांवर नियंत्रण आणा, रहिवाशांना कर्ज द्या, मुंबईचा इतिहास दीड पान, शेवटी व्हिसाच्या फीबद्दलही एक परिच्छेद, आता लिहितोच आहे तर. ब्रँचची सेक्रेटरी सत्तरीची बाई, रिटायर्ड शिक्षिका, वाचायचा चष्मा साखळीला. तिने माझा कागद मीटिंगमध्ये घेतलाच नाही, मीटिंगनंतर टेबलावर पसरला आणि पेन्सिलने एकेका परिच्छेदाच्या बाजूला लिहीत गेली, 'हू?' 'हू?' 'हू?' म्हणजे हे करणार कोण. सरकार करणार, संसद करणार, कौन्सिल करणार, सगळीकडे उत्तर दुसरंच कोणीतरी. चौथ्या पानाशी आल्यावर म्हणाली, यात एनईसीने सोमवारी सकाळी उठून करायचं असं एक वाक्य दाखव. नव्हतंच.

मग दुसऱ्यांदा लिहिला. वाचन केलं तर कळलं २००२ च्या कायद्यात राइट टू मॅनेज आहेच, इमारतीतल्या निम्म्या फ्लॅटवाल्यांनी एकत्र येऊन कंपनी काढली तर व्यवस्थापन आपल्याकडे घेता येतं, आधीच्या कंपनीची चूक सिद्ध करायचीही गरज नाही. म्हणजे हक्क आहे, लोकांना माहीत नाही, आणि निम्मे लोक जमवताना दमछाक होते कारण अर्धे फ्लॅट भाड्याने दिलेले, मालक कुठे असतो पत्ता नसतो. मग ठराव असा झाला:

"ही ब्रँच एनईसीला विनंती करते की राइट टू मॅनेज वापरू इच्छिणाऱ्या रहिवाशांना स्थानिक पातळीवर सल्ला मिळावा यासाठी कौन्सिलमध्ये मांडता येईल असा एक नमुना ठराव पार्टीने तयार करावा आणि तो आपल्या नगरसेवकांना पाठवावा."

एवढंच. वर दोन ओळी पार्श्वभूमी. कोण करणार, काय करणार, कोणाला पाठवणार, सगळं त्यात आहे, पैसा लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही, आणि मालकी-ताबा रहिवाशांकडे हा सहकाराचा धागाही आहे. मीटिंगमध्ये दहा मिनिटांत मंजूर, एक विरोधात, तो सगळ्याच्या विरोधात असतो.

तुमचा विषय काहीही असू द्या, मंडळाला हॉल मिळत नाही, पतसंस्था काढायचीय (इथे क्रेडिट युनियन म्हणतात, आणि सभासद कोणाला करता येतं त्याच्या नियमांत बदल करायचं घोंगडं २०२४ पासून हललंय, त्यामुळे दार उघडं आहे), गावातली बस बंद झालीय, आधी हा 'हू?' विचारा. ठराव एका पानात बसवा. आकडे घातलेत तर खरे घाला, ब्रँचमध्ये कोणीतरी निवृत्त अकाउंटंट असतोच. सूचक-अनुमोदक आधीच ठरवून ठेवा आणि अनुमोदक शक्यतो आपला मराठी मित्र नको, तिथला जुना मेंबर हवा, म्हणजे तो विषय 'त्या इंडियन मुलाचा' न राहता ब्रँचचा होतो.

मंजूर झाला की सेक्रेटरी पुढे पाठवते. तिथेच सोडू नका. तुमच्या विभागाचा एनईसी मेंबर कोण ते पार्टीच्या साइटवर सापडतं, त्याला किंवा तिला वेगळा छोटा ईमेल टाका. छोटा म्हणजे पाच ओळी: मी कोण, ब्रँच कुठली, ठराव कधी मंजूर झाला, मागणी एका वाक्यात, आणि एक प्रश्न. प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर देता येईल. 'यावर आपलं काय मत आहे' असं विचारलंत तर छानसं मत येईल. 'पुढच्या बैठकीच्या कागदांत हे येतंय का, नसेल तर कुठल्या उपसमितीकडे जाईल' असं विचारलंत तर बिचाऱ्याला जाऊन बघावं लागतं.

याला समांतर पार्टीचं पॉलिसी कन्सल्टेशन असतं, विषय देतात आणि ब्रँचकडून, मेंबरांकडून मतं मागवतात. त्यात एकट्यानेही लिहिता येतं. तुमचा विषय त्यांच्या विषयात बसवा, उलटं नको. घरांवर मतं मागवलीत आणि तुम्ही बसवर लिहिलंत तर ते कितीही चांगलं असलं तरी भलत्याच फाइलला जाणार. आणि मग वार्षिक कॉन्फरन्स, तिथे एनईसीचा अहवाल येतो, डेलिगेट प्रश्न विचारू शकतात. डेलिगेट व्हायला फार मारामारी नसते हो, बहुतेक ब्रँचमध्ये "कोण जातंय?" विचारल्यावर सगळे बुटांकडे बघतात. हात वर करा.

अहवाल कसा वाचायचा तेही सांगतो, वडिलांकडून आलेली सवय. पहिलं पान, फोटो, चेअरचं मनोगत, सोडून द्या. आधी पैशाचं पान. ज्याला प्रायॉरिटी म्हणतात त्यावर माणूस नेमलाय का, पैसा टाकलाय का. नसेल तर ती इच्छा आहे, प्रायॉरिटी नाही. मग क्रियापदं बघा. 'स्वागत करते', 'नोंद घेते', 'पाठिंबा देते' म्हणजे आपल्याकडचं 'दाखल करून घेतले', फाइल बंद. 'प्रकाशित केले', 'पाठवले', 'भेट घेतली', 'दुरुस्ती मांडली', इथे काम झालेलं असतं. तिसरं म्हणजे मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडा आणि यंदा कुठला विषय गायब झालाय ते शोधा. सगळ्यात चांगला प्रश्न त्या गायब विषयावर विचारता येतो, आणि विचारणारा लक्षात राहतो.

माझ्या ठरावाचं काय झालं? बराच काळ काही नाही. मग उत्तर आलं की घरांच्या मोठ्या विषयात तो घेतलाय. नंतरच्या एका कागदात रहिवाशांच्या ताब्याबद्दल अर्धं वाक्य होतं, ते माझ्यामुळे आलं की अजून पन्नास ब्रँचांनी तेच लिहिलं होतं, सांगता येत नाही, बहुतेक दुसरं. मी ते अर्धं वाक्य स्क्रीनशॉट काढून वडिलांना पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, "बल्ब लागला का?"

लागला, पण तो आम्हीच जमून लावला. इमारतीतले नऊ जण आले होते त्या दिवशी, त्यातले सहा जण आता राइट टू मॅनेजच्या यादीत आहेत, निम्म्याला अजून पाच कमी पडतायत, आणि ज्यांचा पत्ता नव्हता त्या तीन मालकांपैकी एक दुबईत आहे असं कळलंय.

हां, एक राहिलंच. ब्रँचची मीटिंग संपली की लगेच पळू नका, खुर्च्या आवरायला थांबा. आमच्याकडे मीटिंग एका कम्युनिटी सेंटरच्या वरच्या मजल्यावर होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दहा-दहाच्या थप्प्या लावायच्या असतात आणि कप विसळायचे असतात. एकदा आमच्या विभागाची एनईसी मेंबर पाहुणी म्हणून आली होती, दीड तास बोलली त्यात जेवढं कळलं नाही तेवढं तिने माझ्याबरोबर खुर्च्या रचताना पाच मिनिटांत सांगितलं, कुठला विषय पुढच्या बैठकीला येतोय, कोणाचा विरोध आहे, आणि कागद कोणत्या तारखेच्या आत पोचले पाहिजेत. तारीख मी हातावर लिहून घेतली, कारण फोन कोटात होता आणि हातात खुर्ची.